‘फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी येतोच आहे’

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो. कर्जत मार्गावरच्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत चार वर्षांपूर्वी टू-बीएचके बुक केला. किंमत ४८ लाख, त्यातले ९५ टक्के भरून झाले आहेत. करारात ताब्याची तारीख गेल्या डिसेंबरची होती. आता बिल्डरच्या ऑफिसातून रोज फोन येतो, ‘ओसीची (राहायला परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राची) फाइल नगरपरिषदेत आहे, महिनाभरात काम होईल. तोवर फर्निचरसाठी चावी घेऊन जा, उरलेले २ लाख ४० हजार भरा आणि एका पत्रावर सही करा.’ आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखलाही त्यांनी दाखवला. इमारत रंगवून तयार आहे, लिफ्ट चालते, अकरा कुटुंबे राहायलाही आली आहेत. भाडे १४ हजार आणि कर्जाचा हप्ता ३१ हजार, दोन्ही भरताना जीव मेटाकुटीला येतो. जूनमध्ये मुलाची शाळा बदलायची आहे. सासूबाईंना अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची आहे. मिस्टर म्हणतात, सगळे राहतात, तूच एकटी शहाणी का? मी काय करू?

ता. क. : बिल्डरने दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ मागितला आहे. तो द्यायचा का?

— एक वाचक, डोंबिवली (गावाचे आणि बिल्डरचे नाव गाळले आहे.)

उत्तर :

ताई, नमस्कार.

चावी घेऊ नका. पत्रावर सही करू नका. आणि ते २ लाख ४० हजार इतक्यात बिल्डरच्या खात्यात जाऊ देऊ नका. माझे उत्तर एवढेच आहे. पण ते मिस्टरांना आणि सासूबाईंना तुम्हाला पटवायचे आहे, म्हणून कारणे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या आर्किटेक्टच्या दाखल्याचे पाहू. तो खोटा असेलच असे नाही, बहुधा खराच असेल. पण तो ओसी नव्हे. इमारत बांधून झाली की आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता ‘मंजूर नकाशाप्रमाणे काम पूर्ण झाले’ असे नगरपरिषदेला लिहून देतो, तो हा कागद. म्हणजे बिल्डरने नेमलेल्या माणसाने बिल्डरच्या कामाबद्दल दिलेला निर्वाळा. त्यानंतर नगररचना विभागाने जागेवर येऊन पाहायचे, मजले मोजायचे, मोकळी जागा आणि पार्किंग नकाशाशी ताडून पाहायचे, अग्निशमनाचा अंतिम दाखला, विद्युत निरीक्षकांचा लिफ्टचा परवाना, सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची सोय तपासायची आणि मग नगरपरिषदेने स्वतःच्या सहीशिक्क्याने भोगवटा प्रमाणपत्र द्यायचे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे. बाकीच्या बहुतेक महाराष्ट्राला २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, आणि तुमची नगरपरिषद तिच्यातच येते. तिच्यात पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. तुमचा बिल्डर पहिल्या पायरीवर उभा राहून दुसरी चढून झाल्यासारखे बोलतो आहे.

असाच घोळ ‘सीसी’ या दोन अक्षरांचा होतो. ‘सीसी आहे आमच्याकडे’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, की कुठली सीसी ते विचारा. बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीलाही सीसी म्हणतात आणि काम संपल्याच्या दाखल्यालाही. ‘पार्ट ओसी’ मिळाली आहे असे सांगितले, तर ती कुठल्या विंगची आणि कितव्या मजल्यापर्यंतची, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तुमचा फ्लॅट त्या ओळीत नसेल, तर ती ओसी शेजाऱ्यांची, तुमची नव्हे.

आता कायदा. महाराष्ट्रात १९६३ पासून मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आहे. वकील मंडळी त्याला मोफा म्हणतात. त्याच्या कलम ३ मध्ये बिल्डरला सांगितले आहे, की स्थानिक प्राधिकरणाचा दाखला मिळेपर्यंत कोणालाही ताबा देऊ नये. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच वाक्यात पुढे आहे ते कोणी वाचत नाही : असा दाखला मिळेपर्यंत कोणीही ताबा घेऊसुद्धा नये. म्हणजे उद्या नोटीस आली, तर ‘बिल्डरने दिली म्हणून आम्ही घेतली’ हे उत्तर पुरत नाही. साठ वर्षांपूर्वीचा कायदा, पण तो लिहिणाऱ्याने तुमच्या बिल्डरचा फोन ऐकला असावा असे वाटते.

‘फर्निचरसाठी चावी’ ही युक्ती नेमकी इथे येते. ताबा म्हटले तर कायदा मोडतो, म्हणून ताबा म्हणायचे नाही. चावी म्हणायचे, ‘फिट-आउट’ म्हणायचे. बिल्डरला यातून तीन गोष्टी मिळतात : शेवटचा हप्ता, मेंटेनन्स आणि तुमची सही. तिन्हींत महाग सही.

ते पत्र तुम्ही मला पाठवलेले नाही. पण अशी पत्रे एकाच साच्यातली असतात, त्यामुळे मजकुराचा अंदाज करतो, तुम्ही ताडून पाहा. पहिल्या परिच्छेदात असेल, की मी सदनिकेची पाहणी केली असून बांधकामाच्या दर्जाबद्दल, क्षेत्रफळाबद्दल आणि सोयींबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मग असेल, की माझ्या विनंतीवरून मला चावी देण्यात येत आहे. हे ‘माझ्या विनंतीवरून’ फार काळजीपूर्वक घातलेले असते. पुढे, ताबा मिळण्यास झालेल्या विलंबाबद्दल मी व्याज किंवा भरपाई मागणार नाही. मग, आजपासून मेंटेनन्स आणि सर्व कर माझ्याकडे. आणि शेवटी एक छोटेसे वाक्य : ओसी मिळेपर्यंत मी सदनिकेत राहणार नाही आणि राहिल्यास सर्व परिणामांची जबाबदारी माझी. म्हणजे तोंडाने ‘या, राहायला या’ आणि कागदावर ‘राहू नका’. अकरा कुटुंबांनी बहुधा यावरच सही केलेली आहे. त्यांतल्या एखाद्या ओळखीच्या घरी जाऊन त्यांची प्रत बघायला मागा. मिस्टरांनाही बरोबर न्या. मी इथे चार पाने लिहिण्यापेक्षा ती प्रत त्यांचे मत लवकर बदलेल.

सही केली म्हणजे सगळे हक्क बुडतात असे नाही. तयार छापलेल्या, एकतर्फी पत्रांना न्यायालये डोळे झाकून मान देत नाहीत. पण मग तुम्हाला त्या सहीशी भांडत बसावे लागते. मुळात सहीच नसेल, तर भांडण फक्त तारखेचे उरते आणि तारीख तुमच्या बाजूची आहे.

कशी, ते सांगतो. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १८ म्हणते, की करारात ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर ग्राहकापुढे दोन वाटा असतात. प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा घर ठेवायचे आणि ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घ्यायचे. महाराष्ट्रात या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा) दोन टक्के जास्त असतो. हिशेब सोपा जावा म्हणून नुसते १० टक्के धरू. तुम्ही भरले ४५ लाख ६० हजार. त्यावर वर्षाला १० टक्के म्हणजे महिन्याला ३८ हजार. तुमचे भाडे १४ हजार. डिसेंबर उलटल्यापासून दर महिन्याला हे ३८ हजार तुमच्या नावे साठत आहेत, आणि बिल्डर ज्या कागदावर सही मागतो आहे त्याचे खरे काम बहुधा हे मीटर बंद करण्याचे आहे. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख त्याने पुढे ढकलून घेतली असेल, तरी घाबरू नका. करारातली तारीख त्याने वाढत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे.

ओसीशिवाय देऊ केलेला ताबा हा ताबा मानायचा का? सर्वोच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आग्रा विकास प्राधिकरणाचे प्रकरण आले होते. पूर्णत्वाचा आणि अग्निशमनाचा दाखला नसताना दिलेला ताब्याचा देकार वैध नाही, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा ‘आम्ही मार्चमध्येच चावी देत होतो, यांनीच घेतली नाही’ असे बिल्डर उद्या म्हणाला, तर ते टिकणार नाही. रेराने तुमच्यावरही एक बंधन घातले आहे : ओसी आल्यावर दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा. ओसीच्या आधी घ्यायचा, असे कुठेही नाही.

शेवटच्या ५ टक्क्यांचेही तसेच. तुमचा करार महारेराच्या, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या, नमुन्यावर असेल, तर हप्त्यांच्या वेळापत्रकातली शेवटची ओळ काढून वाचा. लिफ्ट, पंप, वीज-जोडण्या वगैरे झाल्यावर एकूण ९५ टक्क्यांपर्यंत आणि बाकीची रक्कम ओसी मिळाल्यावर किंवा त्यानंतर ताबा देताना, असा तो क्रम आहे. तुम्ही ९५ टक्के भरून थांबला आहात, म्हणजे अगदी बरोबर ठिकाणी थांबला आहात. हे २ लाख ४० हजार ही आता तुमची एकमेव दोरी आहे. बँकेलाही लेखी कळवा, की ओसीची प्रत बघितल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नये.

मिस्टरांचा ‘सगळे राहतात’ हा मुद्दा खोटा नाही. महाराष्ट्रात ओसीशिवाय वर्षानुवर्षे राहणारी माणसे ढिगाने आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कोणी बाहेर काढत नाही, हेही खरे. पण त्यांचे चालते कसे, ते जरा जवळून पाहा. नळाला नगरपरिषदेचे पाणी येते की टँकर आणि बोअरवेलवर भागते? वीज महावितरणच्या स्वतःच्या मीटरवर आहे, की बिल्डरच्या बांधकामाच्या जोडणीवरून सबमीटर टाकून घेतली आहे? त्या अकरा घरांत हे दोन प्रश्न विचारून या. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठच्या एका बेकायदा बांधकामाच्या खटल्यात, साऱ्या देशासाठी निर्देश दिले, की वीज, पाणी, मलनिस्सारणाच्या जोडण्या ओसी दाखवल्यावरच द्याव्यात आणि बँकांनीही हा दाखला तपासूनच इमारत तारण धरून कर्ज द्यावे. म्हणजे उद्या हे घर विकायचे म्हटले, तर गिऱ्हाइकाची बँक पहिला कागद हाच मागणार.

मुंबईतली तीन उदाहरणे मिस्टरांना सांगा. तिन्ही वेगळ्या प्रकारची आहेत.

समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्था. सदस्यांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, ओसी नाही. ओसी नाही म्हणून मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाण्याचे बिल ५० टक्के जास्त. लोक भरत राहिले, भांडत राहिले. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ओसी न मिळवणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ती रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून उशिरा आलात असे म्हणून ग्राहकाला परत पाठवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. निकाल ग्राहकांच्या फार उपयोगाचा, मी स्वतः अनेकांना वाचायला देतो. पण १९९७ ते २०२२ हा काळ मोजा. आणि २०२२ मध्येही जास्तीचे पैसे हातात आले नाहीत, तक्रार नव्याने ऐकण्यासाठी राष्ट्रीय आयोगाकडे परत गेली.

दुसरे ताडदेवच्या विलिंग्डन हाइट्सचे. चौतीस मजली इमारत. ओसी सोळाव्या मजल्यापर्यंतची, त्यावरच्या मजल्यांना नाही, आणि आगीच्या बाबतीत अग्निशमन दलाची ना हरकतही नाही. श्रीमंत वस्ती, माणसे अनेक वर्षे राहत होती. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सतरा ते चौतीस मजले दोन आठवड्यांत रिकामे करायला सांगितले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. ‘इतकी वर्षे राहतोय’ हे कारण चालले नाही.

तिसरे वरळीचे कॅम्पा कोला. तुमच्या पिढीला टीव्हीवर पाहिलेले आठवत असेल. सात इमारतींना परवानगी होती पाच मजल्यांची आणि त्यांतली एक चढली वीस मजल्यांवर. १९८० च्या दशकातले बांधकाम, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१३ चा. गंमत अशी, की प्रकरण न्यायालयात गेले तेच मुळी रहिवाशांनी पालिकेच्या पाण्याची जोडणी मागितली म्हणून. टँकरला कंटाळून साधे पाणी मागायला गेलेल्यांच्या हाती शेवटी बांधकाम बेकायदा ठरल्याचा निकाल पडला.

तुमची इमारत यांतली कुठली, ते मला इथे बसून सांगता येत नाही, आणि बिल्डरच्या ऑफिसातली मुलगीही सांगणार नाही. ‘फाइल नगरपरिषदेत आहे’ या वाक्याचे निदान चार अर्थ होऊ शकतात. एक, खरोखरच टेबलांवरून फिरते आहे, महिन्या-दोन महिन्यांत काम होईल. दोन, विकास शुल्क किंवा प्रीमियमचे पैसे भरायचे राहिले आहेत आणि तुमच्यासारख्यांचे शेवटचे हप्ते आले की त्यातून भरायचा विचार आहे. तीन, अग्निशमन किंवा सांडपाण्याचे काम अर्धवट आहे. चार, नकाशापेक्षा काही जास्त बांधले आहे : एखादा मजला, बंदिस्त केलेली गच्ची, पार्किंगच्या जागेत काढलेली दुकाने. पहिल्या दोन्हींत वाट बघण्यात अर्थ आहे. तिसऱ्यात बिल्डरच्या मागे लागावे लागेल. चौथे निघाले, तर घर ठेवायचे की पैसे परत मागायचे हा प्रश्न नव्याने पाहावा लागेल. जास्तीच्या बांधकामाला दंड भरून मान्यता मिळते कधी कधी, पण नियमात बसत असेल तेवढ्यालाच.

हे शोधायला वकील लागत नाही. नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. सर्व्हे नंबर, प्रकल्पाचे नाव आणि बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहा. हा क्रमांक तुमच्या करारात असतो. मागायचे ते नेमके मागा : मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) प्रत, जोते तपासणीचा दाखला, भोगवट्यासाठी अर्ज आला असल्यास त्याची आवक तारीख, आणि त्यावर विभागाने काढलेल्या त्रुटींचे पत्र. सगळ्यांत मोलाचे ते त्रुटींचे पत्र, कारण अडले कुठे ते त्यात पांढऱ्यावर काळे असते. अर्जच आलेला नाही असे उत्तर आले, तर तेही मोठेच उत्तर. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून बिल्डरने कुठले कागद चढवले आहेत तेही बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. डोंबिवलीत राहता, तेव्हा पासष्ट इमारतींचे प्रकरण तुम्हाला मी सांगायला नको. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या त्या इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. ओसीची प्रत हातात आली, तरी तिचा जावक क्रमांक नगरपरिषदेत जाऊन ताडून पाहा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणखी एक. कोणी घरपट्टीची पावती दाखवून ‘बघा, नगरपरिषद कर घेते म्हणजे मान्य आहे’ असे म्हणाले, तर हसून सोडून द्या. कर बेकायदा बांधकामालाही लागतो, वर शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही हे कायद्यातच लिहिले आहे. दस्त नोंदणीचे, इंडेक्स टू-चेही तेच. मुद्रांक शुल्क भरून व्यवहार नोंदवला गेला, इतकेच ते सांगते.

आता घरातले.

शाळा खरी अडचण आहे, पुढे ढकलता येत नाही. मुलाचा प्रवेश नव्या गावातच घ्या, आणि भाड्याचे घरही तिकडेच, नव्या इमारतीच्या जवळपास बघा. त्या पट्ट्यात भाडे डोंबिवलीपेक्षा कमी पडते, त्यामुळे १४ हजारांतले थोडे वाचतीलसुद्धा. अकरा महिन्यांचा करार करताना एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल असे कलम घाला आणि लॉक-इन काळ ठेवू नका. ओसी मधेच आली, तर सामान हलवायला अडचण नको. आणि जवळ राहिलात, तर नगरपरिषदेत चकरा मारायलाही सोपे.

फर्निचरचे म्हणाल, तर मापे घ्यायला चावी ताब्यात असावी लागत नाही. सुताराला घेऊन एक दिवस साइटवर जा, मापे घ्या, किल्ली तिथेच ठेवून परत या. ओटा आणि कपाटे वर्कशॉपमध्ये तयार करता येतात. पण मी तुमच्या जागी असतो, तर ओसीआधी तोही खर्च केला नसता. दोन-तीन लाखांचे लाकूड एकदा भिंतीला ठोकले, की माणसाचे मन तिथेच अडकते, आणि बिल्डरला ते चांगले माहीत असते.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. वास्तुशांत ओसीच्या आधी करावी की नंतर, याबद्दल शास्त्रात काही असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण राहायला जाण्याच्या वेळी करायचा तो विधी, आणि अक्षय्य तृतीयेला तुम्ही राहायला जात नाही आहात. हवे तर त्या दिवशी त्यांना साइटवर नेऊन दाराला हार घाला, नारळ फोडा, पेढे वाटा. त्याला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. मुहूर्त पुढेही निघतात, गुरुजींना विचारा हवे तर.

आणि ती अकरा कुटुंबे. त्यांच्याकडे ‘फसलेले’ म्हणून बघू नका, ती तुमची उद्याची सोसायटी आहे. सोसायटी स्थापन करायला ओसीची वाट पाहावी लागत नाही. पुरेशा सदनिका विकल्या गेल्या, की ठरावीक मुदतीत संस्थेच्या नोंदणीसाठी पुढाकार घेणे बिल्डरवर कायद्याने बंधनकारक आहे. तो घेत नसेल, तर सदस्य स्वतः सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ शकतात. एकट्या ग्राहकाच्या अर्जापेक्षा चाळीस सह्यांच्या अर्जाला नगरपरिषदेत आणि महारेरात जास्त वजन असते. राहायला गेलेल्यांचाही हक्क संपलेला नाही, वरचा समृद्धीचा निकाल त्यांच्याच कामाचा आहे. मुंबईतल्या अशा जुन्या इमारतींसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये सवलतीत ओसी देण्याचे धोरण जाहीर केले, पण त्या भरवशावर नव्या इमारतीत चावी घेणे म्हणजे सवलत मिळेल म्हणून दंड ओढवून घेणे.

महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क ५,००० रुपये. त्याआधी किंवा तिथे गेल्यावर सलोखा मंचाचा पर्यायही आहे. तिथे ग्राहक संघटनांचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी दोन्ही बाजूंना समोर बसवतात. मुंबई ग्राहक पंचायतीचा त्यात सुरुवातीपासून सहभाग आहे. तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे इमारत उभी आहे आणि भांडण तारखेचे आणि एका दाखल्याचे आहे, तिथे मी आधी मंचाचा मार्ग सुचवीन. तक्रार निकाली निघायला वेळ लागतो. निकाल लागल्यावरही बिल्डर पैसे देत नसेल, तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते आणि तिथे आणखी वेळ जातो. हे आधीच माहीत असलेले बरे.

फोनवर मात्र आता काही बोलू नका. बिल्डरचे सगळे फोनवर आणि तुमचे काहीच कागदावर नाही, ही आजची स्थिती उलटी करायची आहे. पुढचा मजकूर ई-मेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही :

*‘आपल्या कार्यालयातून मला सदनिका क्र. … ची चावी फर्निचरसाठी घेण्याबद्दल व उर्वरित रक्कम भरण्याबद्दल दूरध्वनी येत आहेत. करारानुसार ताब्याची तारीख … होती. सदर इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र अद्याप मला दाखवण्यात आलेले नाही. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मिळताच मी उर्वरित रक्कम भरून ताबा घेण्यास तयार आहे. भोगवटा प्रमाणपत्रासाठी आपण केलेल्या अर्जाची तारीख, आवक क्रमांक व नगरपरिषदेने काढलेल्या त्रुटींची प्रत सात दिवसांत द्यावी. विलंबाबद्दलचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवत आहे.’*

यात ‘तयार आहे’ हा शब्द गाळू नका. पैसे द्यायला तुम्ही नकार दिलात असे बिल्डरला म्हणता येऊ नये, यासाठी तो आहे. मजकूर रागाने लांबवूही नका. चार महिन्यांनी सलोखा मंचात किंवा महारेरात हाच कागद समोर ठेवायचा आहे, तेव्हा तो थंड डोक्याने लिहिलेला दिसू दे. त्याच्या उत्तरात बिल्डरने ‘व्याज सोडा, मग ओसी आल्यावर लगेच ताबा देतो’ असा सौदा पुढे केला, तर तेही लेखी मागा आणि काही महिन्यांच्या व्याजावर पाणी सोडायचे का, हे तेव्हा ठरवा. कधी कधी तो सौदा फायद्याचा असतो. पण ओसी हातात असताना केला तरच.

तुमच्या ता. क. बद्दल. मेंटेनन्स द्यायचा नाही. महारेराच्या नमुना करारात सदनिका वापरण्यास आणि राहण्यास तयार असल्याची लेखी सूचना बिल्डरने दिल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत तुमच्यावर खर्चाचा वाटा येतो, आणि ओसीशिवाय अशी सूचना त्याला देता येत नाही. तोवर लिफ्टची वीज, वॉचमनचा पगार आणि टँकरचे पैसे हा त्याचा खर्च. ओसी आल्यावर मेंटेनन्स मागितला, की करारात किती महिन्यांचा आगाऊ लिहिला आहे ते बघा, तेवढाच चेकने द्या, आणि तो सोसायटीच्या हिशेबात जमा होईल असे पावतीवर लिहून घ्या.